जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स: अध्यक्षपदानंतर सुरू झालेली खरी कारकीर्द

तळटीप

जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं ते बहुधा दोन ओळींत आटोपतं: दुसऱ्या अध्यक्षांचा मुलगा, आणि एकाच मुदतीनंतर मतदारांनी घरी पाठवलेला अमेरिकेचा सहावा अध्यक्ष. मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे, पण तो अध्यक्षपदामुळे मुळीच नाही. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात ती चार वर्षंच (१८२५ ते १८२९) सगळ्यांत कमी फळाला आली. जे काम आजही छाती भरून यावं असं आहे, ते त्यांनी चौसष्टाव्या वर्षी साधा लोकप्रतिनिधी म्हणून हाती घेतलं. त्यासाठी हा धागा.

आधीचं थोडक्यात. जन्म ११ जुलै १७६७, बॉस्टनच्या दक्षिणेला ब्रेनट्री गावात. ती जागा आता क्विन्सी शहरात येते. सात वर्षांचे असताना आई अ‍ॅबिगेलबरोबर पेन्स हिलवर उभं राहून त्यांनी बंकर हिलच्या लढाईचा धूर पाहिला. त्या लढाईत डॉ. जोसेफ वॉरन मारले गेले. मुलाचं मोडलेलं बोट कापावं लागू नये म्हणून खटपट करून ते वाचवणारे घरचे डॉक्टर हेच. दहाव्या वर्षी वडिलांबरोबर समुद्रमार्गे फ्रान्स, आणि चौदाव्या वर्षी थेट सेंट पीटर्सबर्ग! रशियाच्या दरबारात फ्रेंच चालायचं, अमेरिकेचे दूत फ्रान्सिस डेना यांना ती भाषा नीट येत नव्हती, म्हणून हा पोरगा दुभाषा आणि चिटणीस. नंतर हार्वर्ड, वकिली, आणि २६ व्या वर्षी खुद्द वॉशिंग्टननी हॉलंडला राजदूत म्हणून केलेली नेमणूक. पुढे प्रशिया, रशिया, ब्रिटनबरोबरचं युद्ध संपवणारा १८१४ चा घेंटचा तह, आणि मग लंडन. अध्यक्ष होण्याआधी परराष्ट्र व्यवहाराचा इतका अनुभव गाठीशी असलेला दुसरा माणूस सापडणं कठीण.

मध्ये १८०३ ते १८०८ ते सिनेटमध्ये होते. पक्ष फेडरलिस्ट, राज्य मॅसॅच्युसेट्स, आणि तिथला सगळा धंदा जहाजांवर. अशा वेळी जेफरसननी १८०७ मध्ये परदेशी व्यापारावर बंदी आणली आणि अ‍ॅडम्सनी विरोधी पक्षाच्या अध्यक्षाच्या बाजूने मत दिलं. राज्याच्या विधिमंडळाने त्यांची मुदत संपायच्या कितीतरी आधीच दुसरा माणूस निवडून ठेवला. त्यांनी राजीनामा दिला. पुढचा सगळा स्वभाव इथे दिसतो.

१८१७ पासून आठ वर्षं अध्यक्ष मन्रो यांचे परराष्ट्रमंत्री. स्पेनकडून फ्लोरिडा मिळवणारा आणि सरहद्द पॅसिफिकपर्यंत नेणारा १८१९ चा तह त्यांचा. १८२३ च्या ‘मन्रो सिद्धांता’लाही (युरोपने अमेरिका खंडात नव्याने हात घालू नये, हे धोरण) नाव मन्रोंचं असलं तरी कणा अ‍ॅडम्सचा. ब्रिटनबरोबर संयुक्त निवेदन काढावं असं बाकीच्यांना वाटत होतं. ब्रिटिश युद्धनौकेमागून फरपटणारी होडी होण्यापेक्षा आपलं आपण बोलावं, हे त्यांनी मंत्रिमंडळात ठासून मांडलं.

आता अध्यक्षपद. १८२४ च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सनना ९९ इलेक्टोरल मतं, अ‍ॅडम्सना ८४, क्रॉफर्डना ४१, हेन्री क्लेंना ३७. बहुमत कुणालाच नाही. निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली आणि तिथे ९ फेब्रुवारी १८२५ ला १३ राज्यांनी अ‍ॅडम्सना उचललं. क्ले यांनी पाठिंबा दिला होता. काही दिवसांतच अ‍ॅडम्सनी त्यांना परराष्ट्रमंत्री नेमलं. ‘भ्रष्ट सौदा’ हा शिक्का तिथे बसला तो कायमचा. डिसेंबर १८२५ मध्ये त्यांनी काँग्रेसपुढे मांडलेली योजना भव्य होती: रस्ते, कालवे, राष्ट्रीय विद्यापीठ, वेधशाळा. युरोपात १३० हून अधिक वेधशाळा आहेत, आपल्याकडे एकही नाही, असं सांगताना त्यांनी वेधशाळांना आकाशातले दीपस्तंभ म्हटलं. लोकांनी टिंगल केली. १८२८ मध्ये जॅक्सननी १७८ विरुद्ध ८३ असं हरवलं.

आणि मग १८३० मध्ये प्लिमथ जिल्ह्यातल्या लोकांनी विचारलं, प्रतिनिधिगृहासाठी उभे राहाल का? माजी अध्यक्षाने हे करणं कमीपणाचं नाही का, अशी शंकाही काढली गेली. अ‍ॅडम्सचं म्हणणं असं की लोकांचा प्रतिनिधी होण्याने कुणी लहान होत नाही, गावाने पंच म्हणून निवडलं तरी होत नाही. निवडून आल्यावर डायरीत त्यांनी लिहिलं की अध्यक्षपदाच्या निवडीनेही एवढं समाधान दिलं नव्हतं. त्यानंतर मरेपर्यंत, सतरा वर्षं, ते त्या सभागृहात बसले. प्रतिनिधिगृहात निवडून गेलेला माजी अध्यक्ष आजवर तेवढा एकच.

तिथे गाठ पडली ती अर्जांशी. अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क आहे. १८३० च्या दशकात उत्तरेकडून हजारो अर्ज येऊ लागले: राजधानीतली गुलामगिरी बंद करा, गुलामांची खरेदी-विक्री थांबवा. दक्षिणेच्या सदस्यांना हे नुसतं ऐकणंही नको होतं. मे १८३६ मध्ये ठराव झाला, ११७ विरुद्ध ६८: गुलामगिरीशी संबंधित कुठलाही अर्ज न छापता, कुठल्याही समितीकडे न सोपवता, चर्चेविना बाजूला ठेवायचा. हाच तो ‘गॅग रूल’, तोंडबंदीचा नियम. नाव पुकारलं गेल्यावर अ‍ॅडम्स हो किंवा नाही एवढंच म्हणून थांबले नाहीत. हा ठराव राज्यघटनेचा, सभागृहाच्या नियमांचा आणि माझ्या मतदारांच्या हक्कांचा सरळ भंग आहे, असं ते गदारोळातून ओरडून म्हणाले.

पुढची आठ वर्षं त्यांनी तो नियम रोज कुरतडला. दर अधिवेशनाच्या सुरुवातीला, नियम पुन्हा लागू व्हायच्या आत, अर्जांचे गठ्ठे घेऊन उभं राहायचं. नियम लागू झाला की अर्जाचा मजकूर सांगता येत नसे. मग हा अर्ज नियमात बसतो का, असं सभापतींना विचारायचं आणि विचारता विचारता मजकूर सांगून टाकायचा. ६ फेब्रुवारी १८३७ चा दिवस तर विलक्षण. माझ्याकडे २२ गुलामांनी पाठवलेला अर्ज आहे, तो नियमाखाली येतो का, असं त्यांनी सभापती जेम्स पोक यांना विचारलं. गुलामाचा अर्ज! सभागृह पेटलं. कागद जाळा, यांना हाकला, ठपका ठेवा. बराच वेळ हे चालू दिल्यावर अ‍ॅडम्सनी शांतपणे सांगितलं की त्या अर्जात गुलामगिरी बंद करा असं म्हटलेलंच नाही, मागणी बरोबर उलट आहे. आता तुमचा ठराव तुम्हीच दुरुस्त करा.

अर्ज पाठवणाऱ्यांत फार मोठा भाग स्त्रियांचा होता, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मेरीलँडच्या हॉवर्ड नावाच्या सदस्याने बायकांनी राजकारणाचे अर्ज करणं लाजिरवाणं ठरवलं. १८३८ च्या जून-जुलैत अ‍ॅडम्स कित्येक सकाळी यावर बोलले. बायबलमधली एस्तेर, डेबोरा, क्रांतीच्या काळातल्या स्त्रिया, सगळ्यांची नावं घेतली. मत नाही म्हणून अर्जाचा हक्कही नाही, हे कुठून आलं, हा त्यांचा सवाल. ज्यांना मत नव्हतं त्यांच्यासाठी इतक्या हट्टाने उभा राहिलेला माणूस त्या सभागृहात तोवर झाला नव्हता.

अमिस्टाड खटल्यावर कुणी जाणकाराने लिहिलं तर फार आवडेल.

नदीकाठ

सुरेख धागा. १८२४ बद्दल एक विचारायचं होतं. जॅक्सनना जनतेची मतंही जास्त होती ना? मग हे लोकमत डावलणं झालं नाही का? आणि क्लेंना मंत्रिपद देणं निदान अविचाराचं तरी होतंच.

तळटीप

हो, जॅक्सनची मतं जास्त होती, पण तेव्हा २४ पैकी ६ राज्यांत लोक थेट मतदान करतच नव्हते, तिथे विधिमंडळं इलेक्टर निवडत. त्यामुळे देशभराचं मत म्हणून तो आकडा अपुरा आहे. बहुमत नसेल तर पहिल्या तिघांतून प्रतिनिधिगृहाने निवडायचं, प्रत्येक राज्याला एक मत, असा घटनेतलाच नियम. तो पाळला गेला. क्ले आणि अ‍ॅडम्स या दोघांचीही रस्ते, कालवे, देशी उद्योग यांबद्दलची मतं आधीपासून जुळत होती, जॅक्सनशी क्लेंचं पटत नव्हतं. म्हणजे पाठिंब्याला सौद्याची गरज नव्हती. पण नेमणुकीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. परराष्ट्रमंत्रिपद म्हणजे तेव्हा पुढच्या अध्यक्षपदाची पायरी मानली जायची. ते देताना लोक काय म्हणतील याचा विचार त्यांनी करायलाच हवा होता. सरकारी जागांवरून विरोधकांना काढायलाही त्यांनी नकार दिला, आपल्याच विरुद्ध काम करणाऱ्या पोस्टमास्तर जनरलला पदावर ठेवलं. स्वच्छपणा म्हणून थोर, पण त्याने सरकार चालत नाही.

कोर्टकचेरी

अमिस्टाडबद्दल लिहितो, या खटल्याचा मी बराच अभ्यास केला आहे.

१८३९ मध्ये आफ्रिकेतून, आजच्या सिएरा लिओनच्या भागातून पळवलेले ५३ लोक हवानात विकले गेले. अमिस्टाड जहाजातून क्युबाच्याच दुसऱ्या बंदराकडे नेत असताना सेंगबे पिएह (स्पॅनिश कागदांत सिंके) याच्या पुढाकाराने त्यांनी जहाज ताब्यात घेतलं. मालकांनी दिवसा पूर्वेकडे आणि रात्री हळूच उत्तरेकडे असं जहाज हाकत शेवटी लाँग आयलंडला आणलं. तिथे अमेरिकन नौदलाने पकडलं, कनेक्टिकटमध्ये तुरुंगात टाकलं.

कायद्याचा कळीचा मुद्दा असा: स्पेनने ब्रिटनशी करार करून आफ्रिकेतून नवे गुलाम आणणं बंद केलेलं होतं. म्हणून मालकांनी कागदोपत्री या सगळ्यांना स्पॅनिश नावं देऊन ते आधीपासून क्युबातलेच आहेत असं दाखवलं. ते खोटं ठरवायचं तर त्यांची हकीकत त्यांच्या तोंडून यायला हवी, आणि मेंडे भाषा कुणालाच येईना. येलचे प्राध्यापक जोसाया गिब्ज तुरुंगात जाऊन त्यांच्याकडून एक ते दहा आकडे शिकले आणि न्यूयॉर्कच्या गोदीवर ते आकडे मोठ्याने म्हणत फिरले. जेम्स कव्ही नावाच्या खलाशाने ते ओळखले. दुभाषा मिळाला. मला विचाराल तर खटला तिथेच फिरला.

खालच्या कोर्टात रॉजर शर्मन बाल्डविन यांनी किल्ला लढवला. अध्यक्ष व्हॅन ब्यूरन यांच्या सरकारने तर निकाल या लोकांच्या विरुद्ध गेल्यास त्यांना लगेच क्युबाला रवाना करता यावं म्हणून न्यू हेवनला जहाजही आणून ठेवलं होतं. अ‍ॅडम्स सर्वोच्च न्यायालयाच्या टप्प्यावर आले, वय ७३, त्या न्यायालयात शेवटचा युक्तिवाद करून तीस वर्षं उलटलेली. २४ फेब्रुवारी १८४१ ला साडेचार तास बोलले. मध्येच एका न्यायमूर्तींचं निधन झाल्याने काम थांबलं. १ मार्चला उरलेलं बोलले. कोर्टाच्या खांबावर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची प्रत टांगलेली होती, तिच्याकडे हात करून त्यांनी विचारलं की या माणसांना दुसरा कुठला कायदा लावणार? ९ मार्चला न्यायमूर्ती स्टोरी यांनी निकाल वाचला: ते स्वतंत्र आहेत. वर्गणी जमवून वाचलेल्या ३५ जणांना त्याच वर्षाच्या शेवटी मायदेशी पाठवलं गेलं.

एक सांगायला हवं. निकालपत्र वाचलं तर ते बाल्डविनच्या काटेकोर मुद्द्यांवर उभं आहे. स्टोरींनी पत्नीला लिहिलेल्या पत्रात अ‍ॅडम्सच्या भाषणाच्या ताकदीची तारीफ केली, पण ते खटल्याच्या कागदांपलीकडे फार गेलं असंही नोंदवलं. बाल्डविनना श्रेय मिळत नाही याचं मला वाईट वाटतं.

पारिजात

या सगळ्यात लुइझा कुठे आहे? तिच्याशिवाय हे चित्र अर्धं राहतं.

लुइझा कॅथरीन जॉन्सन लंडनमध्ये जन्मली. वडील मेरीलँडचे व्यापारी, आई इंग्रज. १७९७ मध्ये लग्न. १८०९ मध्ये नवऱ्याने रशियाची नेमणूक घेतली तेव्हा थोरली दोन मुलं मॅसॅच्युसेट्समध्ये ठेवायचं परस्पर ठरलं. तिला विचारलंही गेलं नाही. ती सल तिच्या लिखाणात वर्षानुवर्षं येत राहते. सेंट पीटर्सबर्गमध्ये मुलगी झाली आणि वर्षभराची होऊन गेली. नवरा तहासाठी घेंटला. मग फेब्रुवारी १८१५ मध्ये, ऐन बर्फात, सात वर्षांच्या चार्ल्सला घेऊन ती घोडागाडीने पॅरिसला निघाली. सुमारे चाळीस दिवस. युद्धाने उद्ध्वस्त झालेला प्रदेश, आणि वाटेत बातमी की नेपोलियन एल्बाहून परतलाय. फ्रान्समध्ये त्याच्या सैनिकांनी रशियन गाडी म्हणून तिला घेरलं, तेव्हा तिने फ्रेंचमध्ये नेपोलियनचा जयजयकार करून आपली आणि मुलाची सुटका करून घेतली. पुढे १८३६ मध्ये तिने हा प्रवास लिहून काढला.

मोठा मुलगा जॉर्ज १८२९ मध्ये बोटीवरून समुद्रात पडून गेला, दुसरा जॉन १८३४ मध्ये. अ‍ॅडम्स घराण्याने मुलांकडून ज्या अपेक्षा ठेवल्या त्यांचं ओझं काय होतं, हे अ‍ॅबिगेलच्या पत्रांत दिसतं आणि क्विन्सींनी स्वतःच्या मुलांना लिहिलेल्या पत्रांत आणखी दिसतं. वर्गात वरचा नंबर येत नाही तोवर सुट्टीत घरी येऊ नका, असं लिहिणारा बाप. सभागृहातलं धैर्य मान्य, पण घरातला हा कडकपणा मला माफ करता येत नाही.

प्रश्नचिन्ह

पारिजात यांच्याशी सहमत, आणि सार्वजनिक कामाबद्दलही थोडं तपासून पाहू या. घेंटनंतर ब्रिटिशांनी सोबत नेलेल्या गुलामांची भरपाई मागण्याचं काम याच माणसाने वर्षानुवर्षं नेटाने केलं. ते ‘गुलाम’ म्हणजे स्वातंत्र्यासाठी ब्रिटिश जहाजांवर पळालेली माणसं होती. जॅक्सनने १८१८ मध्ये फ्लोरिडात घुसून सेमिनोल या मूळ रहिवाशांवर चाल केली, तिचं समर्थन मंत्रिमंडळात एकट्या अ‍ॅडम्सनी केलं. अध्यक्ष असताना क्रीक या मूळ रहिवाशांशी फसवणुकीने केलेला तह त्यांनी रद्द केला हे चांगलं, पण १८२६ च्या नव्या तहातही जॉर्जियातली बहुतेक जमीन गेलीच. गव्हर्नर ट्रूप यांनी सैन्याची धमकी दिल्यावर उरलेलीही गेली.

तळटीप

हे सगळं खरं आहे आणि धाग्यात यायलाच हवं होतं, आभार. यात मी आणखी एक जोडतो. फेब्रुवारी १८२० मध्ये मिसूरीला गुलामगिरीसह राज्य म्हणून घ्यायचं का हा वाद चालू असताना मंत्रिमंडळातले दक्षिणेचे सहकारी कॅल्हून यांच्याशी झालेल्या गप्पांनंतर त्यांनी डायरीत गुलामगिरीला अमेरिकन संघराज्यावरचा मोठा, घाणेरडा डाग म्हटलं. म्हणजे १८२० मध्ये त्यांना सगळं दिसत होतं. तरी पुढची पंधरा वर्षं ते जाहीरपणे गप्प होते, कारण अध्यक्ष व्हायचं तर दक्षिणेची मतं लागणार. मला या माणसाबद्दल वाटणारा आदर या गप्प बसण्यासकट आहे. गमावण्यासारखं पद उरलं नाही तेव्हा त्यांचा आवाज फुटला. पण पद नसताना गप्प बसणारेही भरपूर असतात.

मूळ रहिवाशांच्या बाबतीत त्यांनाही ते टोचत होतं. १८४१ मध्ये त्यांना इंडियन अफेअर्स समितीचं अध्यक्षपद दिलं तेव्हा त्यांनी ते सोडून दिलं. या राष्ट्राच्या घोर पापांपैकी हे एक, अशी नोंद डायरीत आहे. पण समिती सोडून क्रीक किंवा चेरोकी लोकांना काय मिळालं? काहीच नाही. गॅग रूलशी भांडताना दाखवलेली चिकाटी त्यांनी इथे दाखवली नाही, हे लिहायलाच हवं.

रानपाखरू

ते पोटोमॅकमध्ये कपडे काढून पोहायचे आणि एका पत्रकार बाईने कपड्यांवर बसून मुलाखत मिळवली, हा किस्सा राहिला!

चार्ल्सकाठचा

पोहण्याचं खरं आहे. पहाटे उठून पोटोमॅकवर जायचे, डायरीत नोंदी आहेत. १८२५ च्या जूनमध्ये जुनाट होडी वादळात सापडून बुडता बुडता वाचले तेही तिथेच आहे. अ‍ॅन रॉयल यांच्या मुलाखतीची कथा मात्र बरीच नंतर रचलेली आहे. रॉयल धडाडीच्या पत्रकार होत्या, अ‍ॅडम्सनी त्यांच्या पतीच्या पेन्शनसाठी मदत केली होती, ओळख चांगली होती. कपड्यांवर बसायची काही गरजच नव्हती.

मी बॉस्टनजवळ राहतो. इकडे येणाऱ्यांनी क्विन्सीला जरूर जावं, मेट्रोची लाल लाइन थेट जाते. बाप आणि मुलगा, दोन अध्यक्षांची जन्मघरं एकमेकांना जवळजवळ लागून आहेत, अगदी साधी लाकडी घरं. पुढे कुटुंब राहिलं ते पीसफील्ड आणि शेजारचं दगडी ग्रंथालय: चौदा हजारांच्या आसपास पुस्तकं, जमिनीपासून छतापर्यंत. अमिस्टाडच्या लोकांनी कृतज्ञता म्हणून दिलेलं बायबल याच कुटुंबाकडे आलं. गावातल्या दगडी चर्चच्या तळघरात जॉन, अ‍ॅबिगेल, जॉन क्विन्सी आणि लुइझा अशा चारही कबरी आहेत.

नदीकाठ

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, त्यांत हे अर्जवाले येतात का?

तळटीप

फुल्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं, नाव एकाचंही घेतलं नाही. मला ते फार योग्य वाटतं. गावोगाव दारं ठोठावून सह्या गोळा करणाऱ्या बायका, शिवणाऱ्या, शिक्षिका, मुक्त झालेले कृष्णवर्णीय, हेच ते लोक. अ‍ॅडम्स त्यांचे कागद सभागृहात नेणारा माणूस.

१८४२ चं राहिलं होतं, ते लिहितो. त्या जानेवारीत अ‍ॅडम्सनी हेव्हरहिल गावच्या नागरिकांचा अर्ज मांडला: गुलामगिरीमुळे संघराज्य शांततेने विसर्जित करा. स्वतः त्यांना हे मान्य नव्हतं. समितीने ही मागणी का फेटाळावी याची कारणं द्यावीत, असंच त्यांनी सुचवलं. पण विरोधकांना निमित्त मिळालं. केंटकीच्या थॉमस मार्शलने देशद्रोहाची भाषा वापरून ठपक्याचा ठराव आणला. अ‍ॅडम्सनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे चिटणिसाला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचायला लावला, सरकार बदलण्याच्या हक्कापर्यंत. मग बचावाच्या नावाखाली जवळजवळ दोन आठवडे, ज्या विषयावर बोलायला बंदी होती नेमक्या त्याच विषयावर ते बोलत राहिले. आरोपीला बोलू द्यावंच लागतं ना! गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते थिओडोर वेल्ड ग्रंथालयातून त्यांना संदर्भ काढून देत होते. अजून आठवडाभर मला लागेल, असं त्यांनी सांगितल्यावर ७ फेब्रुवारीला १०६ विरुद्ध ९३ मतांनी ठरावच बासनात गेला. ३ डिसेंबर १८४४ ला, त्यांच्याच प्रस्तावावर, १०८ विरुद्ध ८० मतांनी गॅग रूल रद्द झाला.

युद्धकाळात सरकारला गुलाम मुक्त करण्याचा अधिकार येतो, हा मुद्दा त्यांनी १८३६ मध्ये सभागृहात मांडला होता. २१ फेब्रुवारी १८४८ ला, मेक्सिकोच्या युद्धातल्या सेनापतींच्या गौरवाला मोठ्याने ‘नाही’ म्हटल्यावर थोड्याच वेळात ते बाकावर कोसळले आणि दोन दिवसांनी सभापतींच्या दालनात गेले. त्या वेळी इलिनॉयहून पहिल्यांदाच आलेला एक तरुण सदस्य सभागृहात होता, अब्राहम लिंकन. १८६३ ची गुलाममुक्तीची घोषणा लिंकननी युद्धाच्या अधिकाराच्याच आधारावर काढली.

पारिजात

डायरी कुठे वाचता येईल? आणि एवढ्या ढिगाऱ्यात सुरुवात कुठून करावी?

तळटीप

मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या संकेतस्थळावर ५१ खंडांची हस्तलिखित पानं मोफत आहेत, आणि बऱ्याच भागाचं टंकलेखनही. १७७९ पासून क्रमाने वाचायला गेलात तर सुरुवातीला हवामान आणि प्रवासच फार आहे. मी सांगेन, आधी फेब्रुवारी आणि मार्च १८२० वाचा, मग फेब्रुवारी आणि मार्च १८४१. अमिस्टाडच्या युक्तिवादाआधी त्यांना आपल्याच ताकदीची किती धास्ती वाटत होती ते त्या पानांत आहे. अक्षर म्हातारपणी फार थरथरतं, त्यामुळे तिथे टंकलेखन शेजारी उघडून ठेवा.